काकाकुव्याचा काका कोण?

सिंगापूरला धाकट्या भावाकडे गेलो होतो. त्याच्या इमारतीसमोर विलायती शिरिषाची मोठमोठी झाडं आहेत. संध्याकाळ झाली की त्यांवर पांढऱ्या पक्ष्यांची टोळी उतरते आणि असा कल्ला करते की घरात बोलणं ऐकू येत नाही. मूळचे तिथले नव्हेत हे पक्षी. पिंजऱ्यातून कधीतरी सुटलेले, मग तिथेच रमलेले. एक जण गॅलरीच्या कठड्यावर येऊन बसला, डोक्यावरचा पिवळा तुरा पंख्यासारखा उघडला, आमच्याकडे तिरकं बघितलं आणि पुन्हा मिटला. पुतणीला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "हा काकाकुवा."

तिचा प्रश्न तयार होता. "काका, मग याची काकू कुठे आहे?"

मी हसून वेळ मारून नेली. पण शेजारच्या मलाय बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी 'काकाकुवा' हा शब्द बरोबर टिपला. त्यांच्या भाषेत हा पक्षी 'काकातुआ'. 'काकाक' म्हणजे मोठी बहीण आणि 'तुआ' म्हणजे वयानं मोठी, म्हातारी, असं त्या म्हणाल्या. वयानं थोड्या मोठ्या अनोळखी बाईला आपण 'ताई' म्हणतो तसंच त्या लोकांत 'काकाक' म्हणतात. पुतणीला भलताच आनंद झाला. इतका वेळ काका म्हणून मिरवणारा पक्षी चक्क ताई निघाला होता.

त्या बाईंचं उत्तर मला तेव्हा पटलं. परत आल्यावर थोडं वाचलं आणि लक्षात आलं की ते उत्तर जितकं गोड आहे तितकं पक्कं नाही. या एका नावात शब्द कसे प्रवास करतात, वाटेत त्यांचे उच्चार कसे बदलतात आणि प्रत्येक भाषा परक्या शब्दात आपलंच माणूस कसं शोधते, हे सगळं सापडतं. तेच जरा उलगडून सांगतो.

आधी पक्षी कोण ते बघू. काकाकुवा ही एकच जात नव्हे. पोपटांच्याच मोठ्या गटातलं हे एक वेगळं घराणं आहे, त्यात २१ जाती मोडतात. ओळखायची खूण म्हणजे डोक्यावरचा हलता तुरा. आपल्या पोपटाला तो नसतो. दुसरी खूण रंगाची. पोपटी हा शब्दच ज्या पक्ष्यावरून आला त्याच्या या भाऊबंदांत हिरवा रंग जवळपास दिसतच नाही. पांढरे, काळे, राखाडी, गुलाबी असे हे पक्षी. पोपटाच्या पिसाला हिरवा-निळा रंग येतो तो पिसाच्या आतल्या एका खास रचनेमुळे, प्रकाश तिच्यावर विखुरल्यामुळे. या घराण्यात ती रचनाच नाही.

आणि हे घराणं राहतं कुठे? ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, सॉलोमन बेटं, फिलिपाईन्स आणि इंडोनेशियाची पूर्वेकडची बेटं. भारतात रानात एकही जात नाही. इथे एक गंमत आहे, ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मलाय लोकांची मूळ भूमी म्हणजे मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजू, इकडे मलाय द्वीपकल्प आणि तिकडे सुमात्रा. तिथेही रानात काकाकुवा नाही! आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १८५६ साली बाली बेटावरून शेजारच्या लोंबोक बेटावर गेला. मधे असेल वीस-चाळीस किलोमीटरची खाडी. पण बालीवर आशियाच्या ओळखीचे पक्षी होते आणि लोंबोकवर उतरल्याबरोबर पांढऱ्या काकाकुव्यांची किंचाळी कानावर आली. त्यावरून त्यानं आशियाई आणि ऑस्ट्रेलियाई प्राण्यांमधली जी सीमा आखली तिला आज वॉलेस रेषा म्हणतात. ती खाडी इतकी खोल आहे की हिमयुगात समुद्र शेकडो फूट खाली गेला तेव्हाही ती कोरडी पडली नाही.

म्हणजे पक्षी रेषेच्या पलीकडचा आणि नाव अलीकडच्या भाषेतलं. असं का झालं?

कारण मलाय ही त्या टापूतली बाजाराची भाषा होती. लवंग आणि जायफळ तेव्हा जगात फक्त पूर्वेकडच्या मोलुक्का आणि बांदा बेटांवर पिकायचं. तो माल मलाक्काच्या बंदरात यायचा. तिथे गुजराती, तमिळ, अरब, चिनी, जावानी असे सगळे व्यापारी जमायचे आणि एकमेकांशी मोडक्यातोडक्या मलायमध्ये सौदे करायचे. मसाल्याच्या गलबतांवर पांढरे बोलके पक्षीही यायचे. विकणारा मोलुक्काचा, घेणारा कुठलाही, पण बोली मलाय. मग पक्ष्यालाही मलाय नावच चिकटलं. माझ्या मते या नावाची खरी गोम इथे आहे. जंगलात पक्षी बघून कोणी त्याचं बारसं केलं आणि ते नाव जगभर गेलं, असं झालेलं नाही. नाव गेलं ते बंदरातून, मालाच्या यादीतून.

पुढे पोर्तुगीज आले. १५१० मध्ये गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का. एकाच सत्तेची ही दोन टोकं असल्यामुळे शब्दांची ने-आण जोरात झाली. आपण पायात घालतो त्या 'सपाता' आणि इंडोनेशियातले 'सपातू' म्हणजे बूट, दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची पोरं. गोव्यातलं 'जनेल' आणि इंडोनेशियातलं 'जंदेला', अर्थ दोन्हीकडे खिडकीच. उलट दिशेनं तिकडचे शब्द पोर्तुगिजांनी उचलले, त्यात काकातुआही होता. डचांची ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये निघाली, १६०५ मध्ये तिनं मोलुक्कातलं अंबोन घेतलं. डच लोकांनी त्याचं 'काकेतू' केलं, आणि त्यांच्याकडून सतराव्या शतकात ते इंग्रजीत शिरलं.

युरोपात पक्षी मात्र नावाच्या चारशे वर्षं आधीच पोचला होता. तेराव्या शतकात सिसिलीत दरबार असलेल्या पवित्र रोमन सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकला इजिप्तच्या सुलतानानं एक पांढरा पोपट भेट पाठवला होता. फ्रेडरिकला शिकारी पक्ष्यांचं भारी वेड. त्यानं ससाण्याच्या शिकारीवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला, आणि व्हॅटिकनच्या ग्रंथालयात असलेल्या त्याच्या हस्तलिखितात या पक्ष्याची चार चित्रं आहेत. काही वर्षांपूर्वी अभ्यासकांनी ती तपासली, तेव्हा तो काकाकुवाच असल्याचं दिसलं. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या शेजारच्या बेटांवरचा पक्षी हात बदलत बदलत कैरोला गेला, तिथून सिसिलीला. पण 'काकातुआ' हे नाव त्याच्याबरोबर गेलं नाही. तिथे त्याला कोणी तसं म्हटलेलं नाही. एवढ्या हातांतून जाताना जिवंत पक्षी टिकला आणि नाव गळून पडलं, याचं मला फार नवल वाटतं.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. काकातुआचा अर्थ काय?

पहिला अर्थ शेजारच्या बाईंनी सांगितला तो. मलायमध्ये विशेषण नामाच्या मागून येतं. 'ओरांग हुतान' म्हणजे शब्दशः 'माणूस जंगल', जंगलातला माणूस. तसंच 'काकाक तुआ', ताई म्हातारी. जुन्या वापरात काकाक हा शब्द मोठ्या भावालाही चालायचा. 'तुआ'ला म्हातारपणाबरोबर वडीलकीचाही अर्थ आहे. प्रमुखाला 'कतुआ' म्हणतात ते त्यावरूनच. हे पक्षी पिंजऱ्यात पन्नास-साठ वर्षं सहज काढतात, म्हणजे घरातल्या पोरांपेक्षा पक्षी वयानं मोठा असायची शक्यता भरपूर. तेव्हा 'थोरलं भावंड' हे नाव शोभतं.

दुसरा अर्थ सुताराच्या पेटीतला. मलायमध्ये आणि इंडोनेशियन भाषेत खिळे उपटायच्या अंबुरालाही काकातुआच म्हणतात. अंबूर डोळ्यांसमोर आणा: दोन वाकडे जबडे, टोकाशी एकमेकांना भिडणारे. या पक्ष्याची चोच बघितली की साम्य सांगावं लागत नाही. आणि चोच नुसती दिसायला तशी नाही. सिडनीत या पक्ष्यांनी रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यांची झाकणं चोचीनं उचलून बाजूला सारायची युक्ती शोधली. २०१८ पूर्वी तीनच उपनगरांतून अशी बातमी होती. २०१९ संपेपर्यंत आकडा ४४ वर गेला. एकाचं बघून दुसरा शिकतो हे त्यातून कळलं, आणि २०२१ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. लोकांनी झाकणावर विटा ठेवल्या तर विटाही ढकलतात. तर अंबूर हा अर्थ चपखल आहे, पण त्यात एक अडचण आहे. अवजारावरून पक्ष्याला नाव पडलं की पक्ष्यावरून अवजाराला? मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं. हत्याराला प्राण्याचं नाव देणं ही सगळीकडची रीत. आपणही बंदुकीच्या चापाला घोडा म्हणतो.

तिसरा अर्थ म्हणजे खरं तर अर्थ नसणं. पक्षी 'का-का' असा काहीतरी कर्कश ओरडतो, म्हणून त्याचं नाव का-का. पक्ष्यांच्या नावांचा हा जगभरचा मोठा कारखाना आहे. संस्कृत काक, आपला काव काव करणारा कावळा, टिटीव टिटीव करणारी टिटवी. या नावांना अर्थ विचारू नये, ती नुसती ऐकायची. शब्दकोशकार काकातुआच्या बाबतीत आवाज आणि ताई या दोन्ही शक्यता मांडतात.

माझा कौल आवाजाच्या बाजूनं आहे. ताईची कथा मागाहून सुचलेली असावी. असं म्हणायला कारण आहे, आणि ते समजायला पावशाकडे वळावं लागेल.

मे महिन्याच्या शेवटी पावशा ओरडायला लागतो. महाराष्ट्रातला शेतकरी ऐकतो, 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा'. हिंदी मुलखात तोच पक्षी विचारतो, 'पी कहाँ', प्रियकर कुठे आहे. उन्हानं आणि हिवतापानं जेरीस आलेल्या इंग्रज साहेबाला त्याच तीन सुरांत 'ब्रेन फीव्हर' ऐकू आलं. पक्षी तोच, आवाज तोच. ऐकणाऱ्याच्या डोक्यात जे घोळत होतं तेच कानावर पडलं. शेतकऱ्याला पेरणी, विरहिणीला प्रियकर, साहेबाला ताप.

परक्या किंवा न कळणाऱ्या शब्दांचंही असंच होतं. भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. शब्द कानावर पडतो, त्याचा अर्थ लागत नाही, आणि माणसाला अर्थ नसलेला शब्द सहन होत नाही. मग तो जवळपासचा ओळखीचा शब्द त्यात बसवतो. 'पाव' हा पोर्तुगीज शब्द, त्या भाषेत त्याचा अर्थ भाकरी-ब्रेड एवढाच. पण पायानं पीठ तुडवून करतात म्हणून 'पाव', ही कथा किती घरांत ऐकली असेल! जिमखान्याचंही तसंच. मूळ शब्द 'गेंदखाना', चेंडू खेळायची जागा. साहेबाच्या कानाला त्यात जिम्नॅस्टिक ऐकू आलं आणि गेंदचं जिम झालं. लोकव्युत्पत्तीचे हे दोन प्रकार बघा. पावाच्या बाबतीत शब्द तसाच राहिला, फक्त गोष्ट चिकटली. जिमखान्यात मात्र शब्दाचं रूपच बदललं.

काकातुआच्या बाबतीत दोन्ही घडलं. मलायमध्ये ताईची गोष्ट चिकटली (निदान मला तसं वाटतं). इंग्रजीत रूप बदललं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्रजी लिखाणात या नावाचे हाल बघवत नाहीत: ककातो, कॉकटून, क्रॉकडोर, कोकातोर, ज्याला जसं ऐकू आलं तसं. शेवटी टिकलं ते 'कॉकाटू', कारण त्यात इंग्रज कानाला 'कॉक' म्हणजे कोंबडा दिसला. डोक्यावर तुरा, कोंबड्यालाही तुरा, झालं! शास्त्रज्ञांनी मात्र मूळ शब्द जपला. त्यांच्या लॅटिन धाटणीच्या नावात या प्रजातीला अजूनही 'काकातुआ'च म्हणतात.

आणि मराठी? हिंदीत आणि बंगालीत 'काकातुआ', 'काकातुया' असं मूळच्या जवळचं रूप आहे. मराठीत त्यातला 'तु' जाऊन 'कु' आला. हे आळसानं किंवा अडाणीपणानं झालेलं नाही. 'का-का-तु-आ' हळू म्हणून बघा. क म्हणताना जिभेचा मागचा भाग उचलतो, त म्हणताना टोक दातांशी जातं. दोनदा मागे गेलेली जीभ तिसऱ्यांदा पुढे आणण्यापेक्षा तिथेच ठेवणं सोपं. 'का-का-कु' एका दमात निघतं. शेजारच्या आवाजाच्या ओढीनं आवाज बदलणं ही भाषेतली अगदी रोजची गोष्ट आहे. आणि 'उ'नंतर 'आ' आला की मधे हलकासा 'व' आपोआप येतो. 'कुआ' जोरात म्हणा, 'कुवा'च होईल. म्हणून लिहिताना काकाकुआ आणि काकाकुवा ही दोन्ही रूपं दिसतात. मी काकाकुवा लिहितो, बोलताना ते तसंच येतं म्हणून.

पण उच्चाराच्या सोयीनं अर्धंच काम झालं. उरलेलं काम 'काका' या शब्दानं केलं असणार. मराठी कानाला सुरुवातीलाच घरातलं माणूस भेटलं, मग पुढच्या 'कुवा'चा अर्थ कोण विचारतो? कुवा म्हणजे विहीर, तिचा या पक्ष्याशी काडीचा संबंध नाही. तरी कोणाला खटकत नाही. मलायला ताई ऐकू आली, इंग्रजाला कोंबडा, आपल्याला काका. पुन्हा पावशाचीच गोष्ट.

वापराचं बघायचं तर मराठीनं हा शब्द पूर्ण आपलासा केला आहे. परका शब्द रुळला की नाही हे ओळखायची सोपी कसोटी म्हणजे त्याला प्रत्यय लावून बघायचा. थवा, थवे, थव्याला. तसंच काकाकुवा, काकाकुवे, काकाकुव्याला. पुल्लिंगी, आकारान्त, कुठे अडत नाही. मादीसाठी वेगळं रूप मात्र नाही. 'मादी काकाकुवा' म्हणावं लागतं, म्हणजे पुतणीच्या काकूचा प्रश्न व्याकरणातही अनुत्तरितच आहे.

व्याकरणात रुळला, पण म्हणीत नाही शिरला. पोपटाचं बघा. पोपटपंची आहे, पोपटासारखं बोलणं आहे, आणि चारचौघांत फजिती झाली की पोपट होतो. पोपटाला राघू म्हणतो, राघू तर सरळ माणसाचं नाव, रघुनाथ-राघवांचं लाडाचं. (इंग्रजी 'पॅरट'ही फ्रेंच 'पियेर'च्या लाडक्या रूपावरून आला असं मानतात. बोलणाऱ्या पक्ष्याला माणसाचं नाव द्यायचा मोह कोणालाच आवरत नाही.) काकाकुव्यावर मराठीत अशी एकही म्हण नाही. कारण उघड आहे. पोपट आपल्या पेरूच्या झाडावर येतो, काकाकुवा येतो पिंजऱ्यातून किंवा बालवाडीच्या तक्त्यावरून. म्हणी व्हायला पक्षी डोक्यावरून उडावा लागतो, पिकाची नासाडी करावी लागते.

ते ऑस्ट्रेलियात झालं. तिथे काकाकुव्यांचा थवा जमिनीवर दाणे टिपत असला की एखाददुसरा उंच झाडावर बसून राहतो आणि कोणी आलं की बोंब ठोकतो. म्हणून चोरून जुगार चालतो तिथे पोलिसांवर नजर ठेवायला उभ्या केलेल्या माणसाला तिकडच्या बोलीत 'कॉकाटू' म्हणतात. छोट्या शेतकऱ्याला 'कॉकी' म्हणतात, थोडं चेष्टेनं. गव्हाचा कॉकी, गायींचा कॉकी. आणि गुलाबी पोटाचा, राखाडी पाठीचा जो काकाकुवा तिथे चिमण्यांसारखा सगळीकडे दिसतो त्याचं नाव 'गला'. हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या युवालराय भाषेतल्या 'गिला'वरून आलं. बोलीत गला म्हणजे मूर्ख माणूस. आपला 'पोपट होतो', त्यांचा माणूसच 'गला' असतो.

यावरून एक कळतं की काकातुआ हे त्या सगळ्या पक्ष्यांचं घरचं नाव नव्हे. ज्यांच्या डोक्यावरून ते पिढ्यान्‌पिढ्या उडत होते त्या लोकांची आपापली नावं होतीच. गला हे त्यातलं एक. फिलिपाईन्सच्या पलावान बेटावरच्या लाल बुडाच्या काकाकुव्याला तिथले लोक 'कताला' म्हणतात. बंदरातल्या मलाय नावानं या सगळ्यांवर एकच छप्पर घातलं. इंडोनेशियात आता विशेषण जोडून जाती सांगतात: पिवळ्या तुऱ्याचा तो 'काकातुआ जांबुल कुनिंग', जांबुल म्हणजे तुरा, कुनिंग म्हणजे पिवळा. न्यू गिनीत आणि उत्तर ऑस्ट्रेलियात राहणारा भलामोठा काळा काकाकुवा, ज्याचे ऑस्ट्रेलियातले नर काठी घेऊन झाडाच्या खोडावर ताल धरतात, तो 'काकातुआ राजा'. यातला राजा आपलाच, संस्कृतातून गेलेला. सिंहाला 'सिंगा', हत्तीला 'गाजा' म्हणणाऱ्या भाषेला त्यात नवल नाही. सोळाव्या शतकात मोलुक्काहून स्वर्गीय पक्ष्यांची ('बर्ड ऑफ पॅरडाइज'ची) कातडी युरोपात गेली तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना 'देवाता'चे पक्षी म्हटल्याची नोंद आहे. ही देवाता म्हणजे आपलीच देवता. आपण त्यांना सिंह आणि देवता दिल्या, त्यांनी आपल्याला काकाकुवा दिला. सौदा वाईट नाही.

आता पाळीव पक्ष्यांच्या दुकानात जाऊ, कारण तिथे या नावाचा घोळ पैशांशी आणि कायद्याशी जाऊन भिडतो. दुकानदार राखाडी अंगाचा, पिवळ्या डोक्याचा, गालावर नारिंगी टिकली असलेला छोटा पक्षी दाखवतो आणि म्हणतो, "कॉकटेलची जोडी घ्या." कॉकटेल! दारूशी याचा संबंध नाही. खरं नाव 'कॉकाटील', आणि तेही काकातुआचंच पिल्लू आहे. पोर्तुगिजांनी काकातुआचं लाडानं लहान रूप केलं 'काकातिल्या', म्हणजे छोटा काकाकुवा. डचांनी ते उचललं, इंग्रजांनी त्याचं कॉकाटील केलं. आपल्या बाजारात त्याचं कॉकटेल झालं, पुन्हा ओळखीचा शब्द आत शिरला. लोकव्युत्पत्ती बघायला जुनी पुस्तकं चाळायची गरज नाही, दुकानात ती समोर चालू असते. आणि नावातलं नातं खरंच आहे बरं का. हा ऑस्ट्रेलियाचा पक्षी काकाकुव्यांच्या घराण्यातला सगळ्यात लहान सदस्य आहे.

नातं असलं तरी कागदावर दोघं फार वेगळे. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'सायटीस' नावाच्या कराराचं नियंत्रण असतं. त्याच्या परिशिष्टांत जगातले जवळजवळ सगळे पोपट येतात, काकाकुवेही. छोट्या पिवळ्या तुऱ्याचा आणि मोलुक्काचा गुलाबीसर काकाकुवा तर सर्वात कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहेत. पण चार जातींना सूट आहे, त्यांत कॉकाटील आहे आणि बजरिगार म्हणजे आपण ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतो तेही आहेत. भारतात २०२२ च्या दुरुस्तीनं वन्यजीव कायद्यात या करारातल्या परदेशी प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असे प्राणी घरी असतील तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. म्हणून काकाकुवा आणि कॉकटेल यांतला फरक माहीत असलेला बरा. दुकानदारानं पावतीवर नुसतं 'पांढरा पोपट' लिहून दिलं तर तसं चालवून घेऊ नका, शास्त्रीय नाव मागा. सूट मिळालेल्या त्या चार जातींत आपला लाल कंठाचा हिरवा पोपटही आहे. पण आनंदून जाऊ नका. आंतरराष्ट्रीय करारात त्याला सूट असली तरी भारतीय कायद्यानं त्याला पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे.

ज्याच्या नावाचा मलाक्काच्या बाजारात बोलबाला झाला तो छोट्या पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा आज इंडोनेशियाच्या रानांत अगदी थोडा उरला आहे, पकडून विकल्यामुळे. आणि हाँगकाँगच्या बागांतून पिंजऱ्यातून सुटलेल्यांची वस्ती मजेत नांदते आहे. भावाच्या गॅलरीत आला होता तोही त्यातलाच प्रकार. मूळ घर सोडून बंदरांत वसलेला, अगदी स्वतःच्या नावासारखा.

परवा पुतणीचा व्हिडिओ कॉल आला. शाळेत पक्ष्यांची चित्रं काढायला सांगितली होती. तिनं पांढरा पक्षी काढला होता, तुरा पिवळा, चोच काळी, आणि खाली देवनागरीत लिहिलं होतं, 'काकाकुवा ताई'. शाळेतल्या बाईंनी 'ताई'खाली लाल रेघ मारून प्रश्नचिन्ह टाकलं होतं. "काका, यांना तू सांग," ती म्हणाली. सांगायला हा लेख पाठवतो आहे.